पायातलं हातात

निपाणीच्या बाजारात कोल्हापुरी पायताण विकणारा माणूस गिऱ्हाइकाच्या पायाकडं आधी बघतो, तोंडाकडं नंतर. पायाचा अंदाज आला की खुंटीवरचा एक जोड काढतो, टाच आणि पुढचं टोक जवळ आणून दाबतो आणि सोडतो. चप्पल सरळ झाली की आपल्याकडं अशा नजरेनं बघतो, की भाव करायचा धीर होऊ नये. "बाभळीच्या सालीत मुरलंय कातडं. खिळा दाखवा एक, पैसं परत." खिळा नसतोच. तळाचे थर चामड्याच्याच वादीनं शिवलेले असतात, हे त्यालाही ठाऊक आणि आपल्यालाही. ही झाली दुकानातली परीक्षा. पेपर काढणारा तोच, तपासणाराही तोच.

"आठ दिवस चावंल," हे तो पैसे गल्ल्यात गेल्यावर सांगतो.

आमच्या गल्लीत या चावण्यावर दोन पंथ आहेत, खोबरेलवाले आणि एरंडेलवाले. प्रत्येकाचं म्हणणं, की दुसऱ्याच्या तेलानं कातडं बाद होतं. शेजारधर्म सांभाळायचा म्हणून मी डाव्या चपलेला खोबरेल पाजलं, उजवीला एरंडेल. दोन्ही सारख्याच चावल्या, वास तेवढा वेगवेगळा आला. एरंडेलवाल्यांनी मात्र उजवी जरा सबुरीनं चावते असा निकाल परस्पर जाहीर करून टाकला.

चप्पल पारखायला मी मुद्दाम पावसाचं तोंड निवडलं. कोल्हापुरी काय, साधी काय, कोरड्या डांबरावर कुठलीही चप्पल शहाण्यासारखी वागते. आणि आमच्या बेळगाव जिल्ह्याइतकी सरमिसळ जमीन पायाला दुसरीकडं मिळायची नाही. पश्चिमेला कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते. तिथं पाऊस थांबायचं नाव घेत नाही. पूर्वेला अथणी, तिथं ढगाकडं बघून माना दुखतात. इकडं जांभा आणि लाल माती, तिकडं काळी. बेळगाव दोघांच्या मध्ये सापडल्यामुळं न्याहारी करून निघालेल्या आणि जेवायला घरी परतणाऱ्या माणसालाही दोन्ही माती भेटतात.

कॅम्पाकडच्या लाल मुरमावर चप्पल खुशीत होती. नव्या कातड्याची ती करकर! चालणाऱ्याला आपण उगीचच इनामदार असल्यासारखं वाटतं. चार माणसांत आपण येतोय हे आपल्या आधी पोचतं. खडे गोल असले की तळ त्यांच्यावरून किंचित घरंगळतो, पण ते रुबाबात खपून जातं. पुढं बाजारात एक सर येऊन गेली होती. डांबर ओलं, त्याची तक्रार नाही. तक्रार आहे ती दुकानाच्या पायरीवरच्या ओल्या शहाबादी फरशीची. तिथं पायाला काही विचारायची सोयच राहिली नाही. मी थेट गल्ल्यापर्यंत उभ्याउभ्या पोचलो. मालकानं शांतपणे विचारलं, "काय दाखवू?" मला काहीच नको होतं, पण एवढ्या लगबगीनं आलेल्या माणसाला तसं म्हणता येत नाही. अर्धा किलो शेंगदाणे घेतले.

भाच्याची आठवण झाली ती इथं. तो कॅनडात कॅलगरीला असतो आणि हिवाळाभर बान्फच्या डोंगरात पायाला पट्ट्या बांधून बर्फावरून घसरतो. त्यानं सीझन सरताना स्कीचा नवा जोड घेतला, 'ऑल माउंटन' म्हणे. भुसभुशीत बर्फावर तरंगायला फळी रुंद लागते, गोठलेल्या बर्फात कड रुतवून वळायला अरुंद बरी. ही मधली, म्हणजे दोन्हीकडं चालणारी. वसंतात तिकडं एकाच उतारावर सकाळी रात्रभर गोठलेला टणक बर्फ आणि दुपारी उन्हानं पातळ झालेला, असे दोन्ही भेटतात. तेव्हाच नव्या जोडाची पारख होते असं त्याचं मत. मी फोनच्या कॅमेऱ्यापुढं माझी चप्पल धरली. त्यानं एकच प्रश्न विचारला, "मामा, वॉटरप्रूफ आहे का?"

उत्तर वडगावच्या शिवारात मिळालं. काळी माती ओली झाली की ती चपलेला लागत नाही, चपलेवर हक्क सांगते. पहिल्या पावलाला एक थर, दुसऱ्याला त्यावर दुसरा. बांधापर्यंत माझी उंची सहज दोनेक इंचांनी वाढली. मग पट्टा ओला होऊन सैल पडला आणि पाऊल पुढं, चप्पल मागं अशी आमची फारकत झाली. कातड्याचं हे असंच आहे. बाभूळ आणि हिरड्याच्या पाण्यात कमावलेलं असलं तरी त्यावर रसायनाचं कवच नसतं. उन्हाळ्यात ते पायाचा घाम पिऊन पाय थंड ठेवतं, पावसाळ्यात त्याच सवयीनं पाऊस पितं. गुण आणि खोड एकाच घरची. मग शिवण ढिली, तळ फुगीर. सुज्ञ लोक मृगाच्या आधी कोल्हापुरी माळ्यावर टाकतात आणि दसऱ्याला काढतात ते उगीच नाही.

तेव्हा शिवारातली जुनी रीत केली. चपला काढल्या आणि हातात घेतल्या. अनवाणी पायाला काळी माती काही म्हणत नाही, तिचं वैर फक्त तळाशी. पण चप्पल हातात घेतलेल्या माणसाकडं बघायची लोकांची एक ठरलेली नजर असते. बांधावरचा गडी खुरपं थांबवून उभा राहिला.

"कुणाला माराल्लासा की हो, सकाळ सकाळी?"

"कुणाला नाही. नवी आहे."

"नवीनंच माराल्लासा?"

भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, बर्फ पातळ झाला की तेही स्की खांद्यावर टाकून चालतात. त्यात लाज कसली. मला एकदम बरं वाटलं. सगळ्या जमिनीवर चालणारी वस्तू कुणालाच जमलेली नाही. कुठं उतरून चालायचं, हे मात्र घेणाऱ्यानंच शिकावं लागतं.

घरी येऊन चपला धुतल्या नाहीत. माती वाळू दिली, काडीनं खरवडली आणि व्हरांड्यात सावलीत उभ्या केल्या. सावलीतच, ऊन आणि चूल दोन्ही कातड्याला वर्ज्य. त्यांच्याकडं बघत बसलो असता मनात आलं, नाव कोल्हापूरचं, विकत घेतली निपाणीत, आणि वेण्या कदाचित अथणीच्या एखाद्या घरात बाईमाणसानं घातलेल्या. कापशी घाटाची म्हणावी तर ते कापशी सीमेपलीकडं कागल तालुक्यात. इकडं सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्या आणि बेळगाव आहे तिथंच ठेवा असं सांगितलं, ते महाराष्ट्राला आजतागायत पटलं नाही. मात्र २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे एका कागदावर सुखानं नांदले. अर्ज दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांचा. पायताणाच्या बाबतीत ज्यांचं जमतं, त्यांचं इतर बाबतींत का अडतं, हा प्रश्न मी आमच्या कट्ट्यावर टाकून पाहिला. अर्ध्या तासात विषय भलतीकडं गेला आणि दोघं उठून गेले.

जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीनं मिलानच्या रॅम्पवर अशीच पायताणं मिरवली, तीही कोल्हापूरचं नाव न घेता. इकडं गदारोळ झाला, मग त्यांनी मूळ कबूल केलं. गदारोळ रास्तच होता. माझी वेगळीच खंत आहे. रॅम्प सपाट, कोरडा, वर छप्पर. दोन मिनिटं जायचं आणि वळून यायचं. हे काय चालणं झालं? एकदा जूनमध्ये वडगावला यावं, शेंगदाणे माझ्याकडून.

भाच्याला आता एक जोड हवाय. निपाणीवाल्याला फोन केला तर म्हणाला, कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं कडेनं रेघ मारून पाठवा, मापात चूक होणार नाही. भाच्यानं आज्ञाधारकपणे रेघ मारली, तिचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला, आणि मी तो झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेऊन निपाणीला गेलो. दुकानदारानं कागद उलटासुलटा करून पाहिला. त्याचं एक बोट त्या टाचेत जेमतेम मावत होतं.

"बारशाला द्यायचाय काय हो जोड?"