खुणा चोरल्या म्हणे!

"गेला बघ शेवटी!"

काकूंनी भिंतीपलीकडून वर्दी दिली आणि मी पाण्याची नळी तशीच कुंडीत सोडली. आमच्या मिलापनगरात सकाळच्या प्रहरी कुणी 'गेला' म्हटलं की आधी कोण ते विचारायचं, मग किती वाजता नेणार ते. पण काकूंचा चेहरा सुतकी नव्हता, संतापलेला होता.

"हार्बॉ गं! जिम हार्बॉ, आमच्या मिशिगनचा कोच. चालला लॉस एंजलिसला, चार्जर्सकडे. कप जिंकून अजून महिना नाही झाला!"

'आमच्या मिशिगन'चा खुलासा करायला हवा. डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी भागात पोरगं अमेरिकेत नाही असं घर शोधावं लागतं. काकूंचा ठाण्याचा नातू, लेकीचा मुलगा, गेल्या ऑगस्टमध्ये एमएस करायला मिशिगन युनिव्हर्सिटीत, अॅन आर्बरला गेला. व्हिडिओ कॉलवर 'जेवलास का, थंडी आहे का' यापुढे गाडी सरकेना. मग काकूंनी त्याच्या कॉलेजचं अमेरिकन फुटबॉल धरलं. आता कॉल अर्धा तास चालतो आणि काकूंना आयोवाच्या बचावफळीबद्दल मतं आहेत.

२६ जानेवारी २०२४ची सुट्टी, झेंडावंदन उरकलेलं, कुणाला लोकल गाठायची नव्हती. म्हटलं, "काकू, सविस्तर सांगा."

"सविस्तर म्हणजे बर्गरपासून आलं. कोविडच्या काळात नव्या भरतीच्या मुलांना भेटायला बंदी होती. हा भेटला. बर्गर खाऊ घातला म्हणे. पुढे चौकशीला माणसं आली तेव्हा खरं सांगितलं नाही, असा आरोप. एनसीएए, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांचं सरकार, म्हणतं मुद्दा बर्गरचा नाहीच. युनिव्हर्सिटीनेच मग त्याला मोसमाचे पहिले तीन सामने घरी बसवलं."

"आणि सामने?"

"जिंकले की तिन्ही."

एवढं बोलून काकू भिंतीला आणखी टेकल्या. आवाज खाली आला. मुख्य विषय आला होता.

"ऑक्टोबरात खरी भानगड निघाली. खुणा चोरल्या म्हणे! अगं, व्यावसायिक खेळाडूंच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, कॉलेजच्या पोरांच्या तेव्हा नव्हता. मग पुढची चाल कुठली ते मैदानाच्या कडेवरून खुणांनी सांगायचे. एक जण हात फिरवायचा, दुसरा कान धरायचा, तिसरा चित्रांचा फलक नाचवायचा. सामना चालू असताना समोरच्याच्या खुणा तू ओळखल्यास तर गुन्हा नाही. पण ज्याच्याशी पुढे गाठ आहे त्याचा खेळ बघायला आधीच माणूस पाठवायचा नाही, असा १९९४ पासूनचा नियम."

"का बरं?"

"खर्च गं. श्रीमंत कॉलेज धाडेल दहा माणसं. गरिबाने कुठून धाडायची?"

हे मला पटलं.

"तर मिशिगनमध्ये कॉनर स्टॅलियन्स नावाचा एक होता. मरीन्समधून आलेला, पगार वर्षाला ५५ हजार डॉलर, तिकडच्या मानाने किरकोळ. तीसहून जास्त सामन्यांची तिकिटं काढली त्याने, अकरा कॉलेजांच्या मैदानांवर. ईएसपीएनने छापलं सगळं. तिथे माणसं बसवायची आणि त्यांनी मोबाइलवर समोरच्या कोचांच्या खुणांचं शूटिंग करायचं."

"बाई!"

"पुढे ऐक. तिकिटं कुणाच्या नावावर काढली असतील?"

"कुणाच्या?"

"स्वतःच्या!" काकूंनी कपाळावर हात मारला. चोरीपेक्षा हा बावळटपणा त्यांना जास्त लागला होता, हे उघड होतं.

"पण काकू, चोरी ती चोरीच ना?"

"आमचे हे रिटायर होईपर्यंत फास्ट लोकलमध्ये मेंढीकोट खेळले. कल्याणचे भावोजी भिडू. यांना बदाम हवं असलं की हात छातीशी जायचा. सगळ्या डब्याला ठाऊक! समोर बसून ते ज्याने ओळखलं, त्याचं डोकं. पण आदल्या दिवशीच आपला माणूस त्या डब्यात बसवून ठेवायचा? नातू म्हणतो, आजी, सगळेच करतात. म्हटलं, हे परीक्षेत पकडला गेलास की सांगून बघ."

म्हणजे नातवाचा संघ लाडका, पण लबाडी पोटात घालणार नाहीत. आमच्या गल्लीत एवढी सचोटी सहसा आपल्या माणसाच्या बाबतीत दाखवत नाहीत. तरी काकूंकडे बचावाचा मुद्दा तयार होताच.

"तो स्टॅलियन्स ३ नोव्हेंबरला राजीनामा देऊन गेला. अवघड सामने सगळे त्यानंतरचे. ते तर खुणा चोरून नाही ना जिंकले? १० तारखेला, ऐन धनत्रयोदशीला, संघ पेन स्टेटला निघालेला, आणि बिग टेनने, म्हणजे त्यांच्या गटातल्या कॉलेजांच्या संघटनेने हुकूम काढला. हार्बॉने उरलेल्या तीन साखळी सामन्यांना मैदानावर यायचं नाही! दुसऱ्या दिवशी मॅच, आपल्याकडे रात्री साडेदहाला. आणि रविवारी पहाटे अभ्यंगस्नान. मी उटण्याची वाटी शेजारी घेऊनच बसले. हार्बॉच्या जागी मदतनीस कोच शेरोन मूर. पठ्ठ्याने चेंडू फेकणंच बंद केलं. सलग ३२ वेळा नुसता पळवला! आता चोरा म्हणावं खुणा. पुढे काय होणार ते अख्ख्या स्टेडियमला ठाऊक, पण अडवता कुणाला येईना. संपल्यावर तो मूर टीव्हीवर ढसाढसा रडला. मीही रडले. हे म्हणाले, आता झोप, चार वाजता उठायचंय."

काकू आत गेल्या आणि कालनिर्णयचं नोव्हेंबरचं पान घेऊन आल्या. गेल्या वर्षीचं असूनही टाकलेलं नाही. ११ तारखेच्या चौकोनात दुधाचा खाडा, त्याखाली 'गॅस लावला', त्याखाली बारीक अक्षरात २४–१५. अठराच्या चौकोनात मेरीलंड, ३१–२४, आणि पुढे '१०००' असं दोनदा गिरवलेलं. मिशिगनचा तो एकूण हजारावा विजय. कॉलेज फुटबॉलमध्ये तिथवर पोचलेला पहिलाच संघ. एकोणीसच्या चौकोनात मात्र नुसती फुली.

"ते अहमदाबाद," काकू म्हणाल्या.

त्यावर दोघींनी काही बोलायचं कारण नव्हतं. वर्ल्ड कपचे दहा सामने ओळीने जिंकून अकराव्याला, फायनललाच, आपण ऑस्ट्रेलियासमोर आडवे झालो होतो.

"म्हणून तर पुढच्या शनिवारी छातीत धडधड. तुळशीची लग्नं चाललेली, आणि रात्री ओहायो स्टेट. जन्माचं वैर. दोघेही अकरापैकी अकरा जिंकून आलेले. म्हटलं, इथेही तेच होणार. नातू प्रत्यक्ष मैदानात. तीन वानखेडे मावतील एवढं ते स्टेडियम, लाखाच्या वर माणूस. झिंटर म्हणून एक पोरगा पाय मोडून बाहेर गेला, आणि लगेच पुढच्याच चालीला ब्लेक कोरम चेंडू घेऊन थेट रेषेपार! ३०–२४. टोपी घातली होतीस का, एवढंच विचारलं मी नातवाला."

पुढचं काकूंनी भराभर उरकलं. आयोवाला २६–०. (बचावफळीबद्दलची मतं इथे ऐकून घ्यावी लागली. ती चांगली आहेत. चढाईबद्दलची छापण्याजोगी नाहीत.) २ जानेवारीला पहाटे साडेतीनला अलाबामा, बरोबरी, जादा वेळ, २७–२०. आणि फायनल मंगळवारी, ९ जानेवारीला, सकाळी सहाला, वॉशिंग्टनशी. त्यासाठी काकू आदल्या दुपारीच ठाण्याला लेकीकडे जाऊन राहिल्या. घोडबंदर रोडचा भरवसा नाही आणि लेकीचा टीव्ही मोठा. मक्याचा पिवळा आणि गडद निळा हे मिशिगनचे रंग. संक्रांत आठवड्यावर आलेली असताना काळी साडी घ्यायची सोडून काकूंनी निळ्या काठांची पिवळी घेतली आणि पहाटे साडेपाचला नेसून बसल्या. जावयाने ऑफिसला पोट बिघडल्याचं कळवलं. ३४–१३. पंधरापैकी पंधरा. राष्ट्रीय विजेतेपद १९९७ नंतर पहिल्यांदाच.

"पण काकू, पंधरापैकी सहा सामन्यांना कोच नाही, आणि सहाही जिंकले. मग कोच लागतो कशाला?"

"पगार घ्यायला! वर्षाला सुमारे ऐंशी लाख डॉलर. पोरांना काय, शिष्यवृत्ती. जाहिरातींचे पैसे घ्यायची परवानगी २०२१ पासून मिळाली, तोवर तेही नाही. आणि चौकशी अजून संपलेली नाही बरं. हा निघाला, निस्तरणार कोण?"

आता आपणही काही भर घालावी म्हणून मी म्हटलं, "आपल्याकडेही २०१२ मध्ये या खेळाची लीग झाली होती. मुंबई ग्लॅडिएटर्स, पुणे मराठाज वगैरे. सामने कोलंबोत झाले, आणि पुणे जिंकलं."

काकूंनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "पुणेकर जिंकले आणि बारा वर्षांत आपल्याला सांगितलं नाही? शक्यच नाही."

"बरं, मग आता मिशिगनचा कोच कोण?"

"तोच. रडला तो. बघच तू."

"आणि पुढचा मोसम?"

"टेक्सास येतंय अॅन आर्बरला, ७ सप्टेंबरला. नवं कालनिर्णय उघडलं तर त्याच दिवशी गणेश चतुर्थी. दुपारी बाराची मॅच ठेवली तर आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. गुरुजींना आत्ताच सांगून ठेवलंय, यंदा आमच्याकडे पहिला नंबर लावा. संध्याकाळची आरती आठला, साडेआठला पानं. त्यानंतर कुणी दर्शनाला आलं तर गणपती बाहेरच्या खोलीत आहे. टीव्ही आतल्या."