एकादशी, पाचपट खाशी

‘उपवास करा, ग्रोथ हार्मोन पाचपट होतं!’ सकाळी सहाला व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. सातला जिममधला ट्रेनर तेच म्हणाला. आठला शेजारच्या काकांनी ढेरीवरून हात फिरवत पोहे परत पाठवले.

दुपारी साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली, ती गोष्ट वेगळी.

आकडा खोटा नाही, हीच तर पंचाईत. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नऊ निरोगी पुरुषांना दोन दिवस उपाशी ठेवलं. चोवीस तासांत तयार होणारं त्यांचं ग्रोथ हार्मोन खरोखर पाचपटीच्या आसपास गेलं.

त्या नऊ जणांत काका नव्हते. खिचडी तर नव्हतीच.

लठ्ठ माणसाचा हिशेब मुळातच वेगळा. त्याच्या शरीरात हे हार्मोन आधीच कमी स्रवतं आणि रक्तातून लवकर निघूनही जातं. वाढलेलं इन्शुलिन आणि रक्तात फिरणारी चरबीची आम्लं त्याला ब्रेक लावतात. उपवासाने ब्रेक थोडा सुटतो, हार्मोन वाढतंही. पण सडपातळ माणसासारखी उसळी? ती नाही.

म्हणजे ज्याला गरज जास्त, त्यालाच रेशन कमी!

बरं, वाढलं तरी हे हार्मोन करतं काय? नावावर जाऊ नका. उपाशीपोटी ते दंड फुगवत नाही. साठवलेली चरबी जाळायला काढतं आणि स्नायू मोडून खाण्याची वेळ शक्य तितकी पुढे ढकलतं. वाढीचा खरा निरोप पुढे नेणारं आयजीएफ-१ तर लांबलेल्या उपवासात उलट घटतं.

नाव वाढीचं, काम दुष्काळी कामांचं.

मग यात लठ्ठ माणसासाठी काहीच नाही का? आहे की! चांगलं वजन उतरलं की हार्मोनचा स्राव पुन्हा सुधारतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणजे आधी वजन, मग हार्मोन. आपण मात्र हार्मोनच्या भरवशावर वजन उतरायची वाट बघतो.

पायाचा पत्ता नाही आणि कळसाला रंग कुठला द्यायचा यावर वाद!

उपवास वाईट नाही. त्यात एकूण पोटात कमी गेलं तर वजनही उतरतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, ट्रेनरला नव्हे. साखर एकदम उतरली तर जिवावर बेतू शकतं.

आणि काका, पाचपटीचं राहू द्या. आधी खिचडीची दुसरी वाटी सोडा.