इतर हक्कात लागलंय का?

नकाशेकाका तुम्हाला माहीत आहेत. तुमच्या गावात त्यांचं नाव वेगळं असेल, पण बगलेत कागदांची गुंडाळी आणि डोळा दुसऱ्याच्या बांधावर असला की माणूस तोच समजायचा. अलिबागजवळच्या आमच्या थळातले काका नारळी-पोफळीच्या वाडीत राहतात. गावातले सर्व्हे नंबर हिश्श्यांसकट त्यांना तोंडपाठ आहेत. नातवाचा वाढदिवस कधी, असं विचारलं तर मात्र काकूंकडे बघतात.

जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा एकच प्रश्न असतो. "ते इतर हक्कात लागलंय का?"

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. कूळ, बोजा, सामाईक विहिरीतला हिस्सा, दुसऱ्याची वहिवाट अशा सगळ्या अडचणीच्या गोष्टींचा मुक्काम तिथे. माणसं वरचं नाव आणि क्षेत्र वाचतात आणि पेढे आणायला जातात. काका वाचायला सुरुवातच त्या रकान्यापासून करतात.

सातबाऱ्यापुरतं ठेवलं असतं तर चाललं असतं. पण एका लग्नात नवऱ्या मुलाचे काका अभिमानाने सांगत होते, "मुलीला आम्ही घरात पूर्ण मोकळीक देणार." नकाशेकाका जिलबी बाजूला ठेवून म्हणाले, "तोंडी नको. इतर हक्कात लावून घ्या." एका घरी भेटायला गेलो, तर गेलेल्या आजोबांच्या फोटोसमोर दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहिले आणि डोळे उघडल्यावर हलक्या आवाजात विचारते झाले, "विहिरीतला त्यांचा चार आणे हिस्सा इतर हक्कात होता ना?" अलिबागच्या एस्टीत शेजारच्याने त्यांच्या बाकावर कोपर पसरलं, तेव्हा काय विचारलं असेल ते आता तुम्हीच सांगाल. आमचं मांजर रोज त्यांच्या स्वयंपाकघरातून आरपार जातं, त्याबद्दलही मला विचारणा झालेली आहे.

इतिहासही त्यातून सुटत नाही. थळच्या किनाऱ्यावरून समोर खांदेरी आणि उंदेरी दिसतात. पाहुण्यांना किल्ले दाखवायला नेलं की काका मागोमाग येतात. "1679 साली शिवाजी महाराजांनी खांदेरीला बांधकाम काढलं. इंग्रजांची हरकत आली, कारण त्यांच्या मुंबईच्या वाटेवर अडथळा! पुढच्याच वर्षी जंजिऱ्याच्या सिद्दीनं उंदेरी बळकावली. म्हणजे मधलं पाणी वहिवाटीचं, तीन दावेदार आणि मोजणी एकाचीही नाही. भांडणं होणार नाहीत तर काय?" पाहुणे किल्ला विसरतात आणि आपल्या सोसायटीच्या पार्किंगचं विचारू लागतात.

मोजणीचा दिवस हा त्यांचा खरा सण. भूकरमापक उपग्रहावरून मोजणारा रोव्हर घेऊन आला की काका घडीची खुर्ची आणि छत्री घेऊन बांधावर हजर. जमीन कुणाचीही असो. कागद ठेवायला त्यांनी 'उज्ज्वला' युरियाच्या जुन्या गोणीची पिशवी शिवली आहे. (थळच्याच कारखान्यातलं खत, त्यामुळे गोणीला गावात तोटा नाही.) तिच्यातून फाळणीचं टिपण निघतं. घड्यांवर चिकटपट्टी लावून लावून कागदाचं पुठ्ठ्यात रूपांतर झालेलं. त्यावरचे आकडे साखळी-आण्यांत. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. उपग्रहाकडून आलेला बिंदू काका आण्यात तपासतात आणि उपग्रहाचं चुकलं असेल तर तसं बोलून दाखवतात. मग जमलेल्या भाऊबंदांना प्रवचन: "सातबारा नाव आणि क्षेत्र सांगतो, हद्द सांगत नाही. हद्द टिपणात. गावनकाशावर दुहेरी तुटक रेघ असली तर गाडीवाट, एकेरी असली तर पाऊलवाट. आणि रेघ नाही म्हणजे वाट नाही, असं समजणाऱ्यानं जमीन घेऊ नये."

हे शेवटचं वाक्य एका मुंबईकरासाठी होतं. त्याने वाडी घेतली, चिऱ्याची भिंत घातली आणि समुद्राकडच्या पाऊलवाटेवर लोखंडी गेट बसवलं. म्हावऱ्याच्या टोपल्या डोक्यावर घेऊन येणाऱ्या कोळणींना हमरस्त्याने वळसा पडू लागला. गावात सभा झाल्या, आवाज चढले, चहा संपला. काका तेवढे गप्प होते. त्यांनी 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम 5 खाली अर्ज लिहून काढला आणि त्यावर बायकांच्या सह्या-अंगठे घेतले. तहसीलदारांच्या स्थळपाहणीला काका पिशवीसकट हजर होते. गेट निघालं. जाताना काकांनी त्या मुंबईकराला समजावून सांगितलं, की खरेदीआधी विचारलं असतंत तर फुकट सांगितलं असतं.

तरीही माझा त्यांच्यावर एक संशय होता. त्यांच्या स्वतःच्या वाडीतूनही अशीच एक पाऊलवाट जाते. रोज सकाळी काका पडवीत उभे राहून प्रत्येकीला मोठ्याने सांगतात, "जा गं बाय, माझी परवानगी आहे!" ऐकणाऱ्याला वाटावं, काय हा मोठेपणा. पण 1882 चा सुखाधिकार कायदा मी त्यांच्याच तोंडून इतक्यांदा ऐकला आहे, की मेख माझ्या लगेच ध्यानात आली. वीस वर्षं उघडपणे, हक्काने, विनाखंड वापरलेली वाट कायम होते. परवानगीने वापरलेली होत नाही! म्हणजे रोज सकाळी हा माणूस गोड बोलून वीस वर्षांचं घड्याळ मागे फिरवत होता.

पकडायचाच म्हणून मी त्यांचा सातबारा ऑनलाइन काढला. भावांशी वाटणी झालेली, वर एकट्या काकांचं नाव. खाली इतर हक्कात फेरफार क्रमांकासह नोंद: पूर्वेच्या रस्त्यापासून समुद्रापर्यंत ग्रामस्थांची पायवाट. स्वतः नोंदणीकृत लेख करून लावून घेतलेली.

विचारल्यावर थोडे चिडलेच. "पोरं मुंबईला. माझ्यामागे वाडी विकणार, त्यांचंही चूक नाही. घेणारा पहिल्या महिन्यात गेट लावील. मी आहे तोवर तोंडानं चालतं, पुढे कागदानं चालावं लागेल."

"मग रोज परवानगी कशाला देता?"

"तेवढ्या निमित्तानं कुणीतरी थांबून बोलतं."

त्यानंतर काकूंनी चहा आणला आणि काकांनी आमच्या मांजराचा विषय काढला.

असा माणूस गावात असला की डोकं उठतं, आणि नसला की गेटं उठतात. तुमच्या गावात नसेल, तर त्याचं काम तुम्हालाच करावं लागेल. वाडी घ्यायला निघालात तर टिपण आणि गावनकाशा मागा, हद्दीच्या खुणा जागेवर दाखवून घ्या, इतर हक्क शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि तुमचीच वाट कुणी अडवली असेल, तर नुसत्या सभा घेत बसू नका. मामलेदार कोर्टात दाद मागायची मुदत अडथळा झाल्यापासून सहा महिने आहे.