जड गोळीवाला

कोलोरॅडोत ऑगस्ट सरत आला की रॉकीजच्या पायथ्याशी असलेल्या रायफल रेंजवर एका विशिष्ट जातीचा माणूस दिसू लागतो. वय साठीच्या पुढे, पोट पट्ट्याच्या पुढे आणि मत सगळ्यांच्या पुढे. डोक्यावर भडक नारिंगी टोपी. कायद्याने ती लागते ऑक्टोबरात, जंगलात. हा उन्हाळ्यातच चढवून बसतो. बाकीची मंडळी एकाच जातीची काडतुसं आणतात, तासाभरात नेम बसवतात आणि घरी जातात. याच्या पिशवीत काडतुसांचे चार वेगवेगळे डबे असतात, शिवाय जेवणाचा एक.

शेजारच्या बेंचवर कुणी येऊन बसलं की हा आधी त्याच्या डब्यावरचा गोळीच्या वजनाचा आकडा वाचतो. "एकशे पासष्ट ग्रेन? एल्कसाठी?" मुलीच्या लग्नात पाहुण्यांना नुसत्या चहावर वाटेला लावणाऱ्या माणसाला विचारावं, त्या सुरात. तो बिचारा सांगतो की कित्येक वर्षं याच गोळीवर घरचा फ्रीझर भरतोय. हा मान हलवतो. फ्रीझर भरला म्हणजे काही सिद्ध झालं, असं तो मानत नाही.

हा गृहस्थ मला शेजारी म्हणून लाभला. मी स्वतः शिकार करत नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या आमच्या पिढीने शिकार पाहिली ती जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यात, भिंतीवर धूळ खात टांगलेली. पण मला आकडे टिपून ठेवायची आवड आणि त्याला टिपून घेणारा माणूस हवा. त्यामुळे दुर्बिणीला डोळा लावून कागदावरची भोकं मोजायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. तो मला 'इंजिनियर' म्हणतो. "इंजिनियर, लिही," म्हणतो, आणि मी लिहितो.

एल्क हा सांबराच्या गोतातला, पण चांगला थोराड. भरलेला नर तीनशे किलोंच्या वर जातो. हाडं जाड, खांदा भरभक्कम, आणि जीव असा चिवट की नीट न लागलेली गोळी घेऊन दोन डोंगर ओलांडेल. राज्याचा नियम आहे की एल्कवर झाडायची गोळी निदान ८५ ग्रेनची हवी आणि १०० यार्डांवर तिच्यात १००० फूट-पाउंडांचा जोर हवा. जड गोळीवाल्याच्या मते ही छपाईची चूक आहे. ८५च्या आधीचा १ गळलाय.

त्याची रायफल थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे अमेरिकन लष्कराने १९०६ साली घेतलेल्या काडतुसाची. त्यात सर्वसाधारण माणूस १८० ग्रेनची गोळी वापरतो, हा २२०ची. एकदा मी सहज बोलून गेलो की इंग्रजांनी १८३३ साली आमच्याकडे तोळा पक्का केला तो बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे तुमची साधी गोळी आमचा एक तोळा. त्याचे डोळे लकाकले.

"मग माझी?"

"सव्वा तोळ्याला जराशी कमी."

ही माहिती त्याला देऊन मी रेंजवरच्या लोकांचं किती नुकसान केलं ते नंतर कळलं. आता तो नवख्या माणसाला बाजूला घेऊन सांगतो की हिंदुस्थानात गोळीचं वजन सोन्याच्या मापाने करतात. आमच्या बायकोने वेगळाच हिशेब मांडला: हा माणूस एका शनिवारी पाव किलोहून जास्त शिसं त्या मातीच्या बांधात घालतो आणि वर त्यासाठी पैसे मोजतो.

त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, हे सांगितलं पाहिजे. व्यास तोच आणि वजन जास्त म्हणजे गोळी लांब, आणि सारख्याच घडणीच्या दोन गोळ्यांत जी लांब ती सहसा आत खोल जाते. जुन्या काळच्या गोळ्यांचं शिसं हाडावर आपटून फुटायचं, तेव्हा वजन हाच एक भरवसा होता. मग १९४६ साली जॉन नोस्लर नावाच्या गृहस्थाची गोळी ब्रिटिश कोलंबियात एका मूस हरणाच्या, चिखलाने माखलेल्या खांद्यात पुरेशी शिरेना. तो चिडून घरी आला आणि त्याने मध्ये तांब्याची आडभिंत असलेली गोळी घडवली. पुढचा भाग फुटला तरी भिंतीमागचा अर्धा पुढे जायचाच. आता तर अख्ख्या तांब्याच्या गोळ्या मिळतात. त्यामुळे दीडशे-पावणेदोनशे ग्रेनमध्ये सगळं काम भागतं. हे जड गोळीवाल्याला ठाऊक आहे. ठाऊक असणं आणि पटणं यांत तो अंतर ठेवतो, तेही तीनशे यार्डांचं. त्या तीनशे यार्डांवर, दोनशेला नेम बसवलेली त्याची २२०ची गोळी फूटभर तरी खाली येते. १८०ची आठ-नऊ इंचच. याला त्याचं उत्तर तयार असतं: "जड आहे म्हणून पडते. हलकी असती तर वाऱ्याने उडाली असती."

जड गोळी झुडपं कापत सरळ जाते, हीसुद्धा त्याची श्रद्धा. अनेकांनी काटक्या रोवून गोळ्या झाडून पाहिल्यात. काटकी लागली की सगळ्याच गोळ्या वाट सोडतात, जड असो वा हलकी. ते प्रयोग करणाऱ्यांनी काटक्या चुकीच्या निवडल्या, असं तो म्हणतो.

या पंथाला गुरू आहे. आयडाहोतल्या सॅमन गावचा एल्मर कीथ, मोठी हॅट, मोठी भोकं, मोठ्या गोळ्या. आणि प्रतिपक्षालाही आहे: जॅक ओ'कॉनर, आधी अॅरिझोनातला प्राध्यापक, मग 'आउटडोअर लाइफ' मासिकाचा लेखक, ज्याने १९२५मध्ये आलेल्या .२७० विंचेस्टरची आणि तिच्या १३० ग्रेनच्या चपळ गोळीची आयुष्यभर वकिली केली. दोघांनी छापील कागदावर एकमेकांचा पिच्छा पुरवला. ओ'कॉनर १९७८ला गेले, कीथ १९८४ला. भांडण अजून ठणठणीत आहे. आमच्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये कीथचा फोटो लावलाय. त्याखाली औषधाच्या गोळ्यांची एक रिकामी बाटली. तिच्यात एल्कच्या अंगातून काढलेल्या, पुढून फुललेल्या गोळ्या. प्रत्येक गोळी बंदुकीच्या दारूच्या तराजूवर तोलून, किती वजन शाबूत राहिलं ते चिठ्ठीवर लिहिलेलं. सगळ्या मित्रांनी मारलेल्या एल्कच्या. स्वतःची एक त्या बाटलीत पडावी, एवढीच त्याची इच्छा.

तर नेम बसवणं. यालाच 'झीरो करणं' म्हणतात. रीत सोपी आहे. बोल्ट काढायचा, नळीतून मागून बघून समोरचं लक्ष्य नळीच्या मधोमध आणायचं, मग रायफल न हलवता वरच्या दुर्बिणीतली फुली त्याच लक्ष्यावर आणायची. २५ यार्डांवर एखाददुसरी गोळी झाडायची, भोक बघायचं, दुर्बिणीची चकती फिरवायची. चकतीची एक टिचकी म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. म्हणजे तिथे इंचभर सरकायला चार टिचक्या. २५ यार्डांवर तेवढ्यालाच सोळा.

इथेच तो घोटाळा करतो. एकदा १०० यार्डांवर त्याची गोळी इंचभर खाली लागली. त्याच्या डोक्यात अजून मघाचे सोळाच. टक-टक-टक सोळा टिचक्या वर दिल्या. पुढची गोळी केंद्राच्या तीन इंच वर. मी हळूच म्हटलं, "चार द्यायच्या होत्या." त्याने दुर्बिणीतून पाहिलं, आणि छाती फुगवली. "शंभरावर तीन इंच वर! जुने लोक असंच तर ठेवायचे. लिही, इंजिनियर." मी लिहिलं.

एवढ्यावर थांबला असता तर रायफल खरंच झीरो झाली असती. पण पिशवीत अजून तीन डबे असतात. आणि गोळी बदलली की नेम बदलतो, हा या शास्त्रातला एकमेव नियम ज्यावर कीथ आणि ओ'कॉनर दोघांचंही दुमत झालं नसतं. १८०वर बसवलेला नेम २२०ला लागू नाही. एका कंपनीच्या २२०चा दुसऱ्या कंपनीच्या २२०लाही नाही. वीस काडतुसांच्या डब्यातली बारा झीरो करण्यात जातात, उरतात आठ. तोवर पुढच्या डब्याची पाळी येते. नळी तापते, तापलेल्या नळीतून गोळ्या भरकटतात, त्या भरकटल्या म्हणून पुन्हा चकती. जंगलात मात्र गोळी जाते ती सकाळच्या थंडगार नळीतून, पहिली आणि बहुधा शेवटची.

पाच गोळ्यांचा गट मोजताना त्याची एक खास पद्धत आहे. "तो मोजू नकोस, माझा श्वास चुकला." "तो वाऱ्याने." "तो शेजाऱ्याच्या आवाजाने दचकून." उरलेल्या दोन भोकांतलं अंतर अर्धा इंच भरतं आणि तेच वहीत जातं. एकदा त्याने तीन गोळ्या झाडल्या आणि कागदावर चार भोकं निघाली. चौथी बाजूच्या बेंचवरच्या पोराची, कागद चुकलेली. ती नेमकी केंद्रात होती. ती त्याने आपल्या नावावर लिहायला लावली.

मधूनच घंटा होते. सगळ्यांनी बोल्ट उघडे टाकायचे, रंगवलेल्या रेघेच्या मागे यायचं, बंदुकीला हात लावायचा नाही. मग कागद बदलायला शंभर यार्ड चालत जायचं. हा जातो आणि परत येऊन बेंच धरून धापा टाकतो. आमचं डेन्व्हर मुळातच समुद्रसपाटीपासून मैलभर उंच. एल्क राहतो त्याहून बराच उंचावर, खडी चढण चढून. इथे पाच शिकाऱ्यांमागे जेमतेम एकाला एल्क मिळतो, आणि बाकीच्या चौघांना तो बहुतेक गोळीमुळे हुकत नाही, पायांमुळे हुकतो. पण पाय ग्रेनमध्ये मोजत नाहीत.

जड गोळीचा धक्काही जड असतो. बेंचवर वाकून बसलेल्या माणसाला तो पुरता लागतो. एका शनिवारी दुर्बीण मागे येऊन त्याच्या भुवईवर आदळली आणि तिथे लालभडक चंद्रकोर उमटली, इतकी रेखीव की आमची बायको म्हणाली, "टिळक रोडवर अशी टिकली मिळत नाही." त्यानंतर त्याने लोखंडी पाळणा आणला. त्यात रायफल ठेवायची, वर शिशाच्या छऱ्यांची थैली, धक्का सगळा थैली खाते. पाळण्यातून त्याचे गट सुंदर येऊ लागले. पाळणा डोंगरावर कोण नेणार, हे मी विचारलं नाही.

ते रेंजवरच्या बाईंनी विचारलं. सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका, गळ्यात शिटी, आणि पक्क्या .२७०वाल्या. शेजाऱ्याने त्यांच्यावर आपला हुकमी पत्ता टाकला: ओ'कॉनरच्या पत्नी एलेनॉर यांनी हत्ती मारला तो थर्टी-ऑट-सिक्सने आणि २२० ग्रेनच्याच गोळीने! "हो," बाई म्हणाल्या, "न फुलणाऱ्या गोळीने. आणि त्या डोळे उघडे ठेवायच्या." मग म्हणाल्या, "पाळणा काढ. काडतूस मी भरते, तू फक्त चाप ओढ."

दोन खरी काडतुसं भरून दिली. तिसऱ्या वेळी त्याला न दाखवता झाडलेलं रिकामं टरफल आत सारलं. त्याने गाल दस्त्याला टेकवला, श्वास सोडला, चाप ओढला. नुसतं 'टिक'. आणि आवाज नाही, धक्का नाही, तरी नळीचं तोंड पाव वीत खाली डुचकळलं, खांदा पुढे झेपावला, दोन्ही डोळे गच्च मिटलेले. बेंचवरच्या सगळ्यांनी आपापल्या डब्यांत काहीतरी शोधायला सुरुवात केली.

तो बराच वेळ रायफलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हा चाप फार जड आहे."

कुठल्याही वस्तूच्या जडपणाबद्दल त्याने केलेली ही पहिली तक्रार. बाईंनी त्याला महिनाभर छोटी .२२ वापरायला सांगितली, आणि घरी मोकळी रायफल तपासून, तळघराच्या भिंतीवर नेम धरून नुसता चाप ओढायला. त्याने ते केलं. त्याच्या बायकोने आमच्या घरी येऊन सांगितलं की ऑगस्टपासून पहिल्यांदाच घरात शांतता आहे, फक्त खालून टिक-टिक ऐकू येते.

ऑक्टोबरात तो गेला आणि चक्क एल्क घेऊन आला. अॅस्पेन झाडांच्या दाटीत, साठ-सत्तर पावलांवर उभा होता म्हणे; जिथे कीथ, ओ'कॉनर आणि ८५ ग्रेनवाला नियम सगळेच बरोबर ठरतात. धक्का जाणवलाच नाही, असं तो सांगत होता. समोर जनावर असलं की कुणालाच जाणवत नाही. मांसाचं एक पुडकं आमच्याकडे आलं, त्याचं सुकं छान झालं. मी अभिनंदनाला गेलो तर हा गॅरेजमध्ये पडलेल्या चेहऱ्याने बसलेला, समोर औषधाची बाटली.

गोळी मिळाली नव्हती. एका बरगडीतून आत, दुसरीतून बाहेर आणि पुढे कोलोरॅडो राज्यात कुठेतरी. तोलायला काही नाही, चिठ्ठीवर लिहायला काही नाही. ती आत राहायला हवी असती तर जरा हलकी गोळी पुरली असती, हे सरळ होतं. मी तेवढंच म्हटलं. तो काही बोलला नाही.

आठवड्याने कुंपणाशी आला. चेहरा उजळलेला.

"विचार केला, इंजिनियर. गोळी बरोबरच होती," तो म्हणाला. "एल्क हलका होता."