बंदा डॉलर

खिशाला वजन असावं असं प्रत्येकालाच वाटतं, फक्त ते ग्रॅममध्ये मोजायची वेळ येऊ नये. अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर 26.73 ग्रॅमचा होता. आपल्या मापाने सव्वादोन तोळ्यांहून थोडा जास्तच. असे दहा डॉलर खिशात टाकले की पाव किलोचा ऐवज एका बाजूला लोंबणार. वीस टाकले तर भल्या माणसाने एका हाताने विजार सावरतच बाजारहाट करावा, आणि खरेदी आटोपून हलका होऊन घरी यावं.

एवढं थोरलं नाणं पाडायची दुर्बुद्धी कुणाला सुचली, असं मनात येतं. पण ती दुर्बुद्धी नव्हती, सचोटी होती. 1792 च्या कायद्याने ठरवलं की एका डॉलरमध्ये 371.25 ग्रेन शुद्ध चांदी असेल. बाजारात तेव्हा चालणारा स्पॅनिश डॉलर साधारण तेवढ्याच चांदीचा होता. किंमत चांदीची, चांदी नाण्यात, म्हणून नाणं मोठं. वाजवून घ्या, तोलून घ्या, हवं तर वितळवून पाहा, माल पुरा भरणारच. 1794 साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने पहिले 1,758 डॉलर पाडले. त्यातला एक 2013 साली लिलावात एक कोटी डॉलरांना गेला. एका डॉलरचे कोटी व्हायला 219 वर्षं लागली. आमच्या मुदत ठेवींनी हा दाखला डोळ्यांपुढे ठेवायला हरकत नाही.

सचोटीचं नाणं लोक आदराने पाहतात आणि आदरानेच दूर ठेवतात. नेवाडात चांदीच्या खाणी जोरात चालू लागल्या तेव्हा एवढ्या चांदीचं करायचं काय, असा प्रश्न पडला. 1878 साली अमेरिकन काँग्रेसने कायदा केला की सरकारने दर महिन्याला 20 ते 40 लाख डॉलरांची चांदी विकत घ्यावी आणि तिची नाणी पाडावीत. राष्ट्राध्यक्ष हेज यांनी नकाराधिकार वापरला, काँग्रेसने तो धुडकावून लावला. त्यातून मॉर्गन डॉलर निघाला. खाणवाल्यांचं कल्याण झालं. पश्चिमेकडच्या रांगड्या मंडळींनी तो आनंदाने वापरला, पण बाकीच्यांनी त्याच्या बदल्यात मिळणारा कागदी दाखला पसंत केला. डॉलर सरकारी तळघरात पोत्यांतून पडून राहिले. धनी एकीकडे, त्याचा कागद दुसरीकडे हिंडतोय, अशी ही संसाराची रीत.

त्या पोत्यांपैकी बरीचशी पुढे आपल्याकडे आली, हे फारसं कुणी सांगत नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीच्या रुपयांची टंचाई झाली. लोकांचा नोटेवर भरवसा नव्हता. नोट नेऊन रुपये मोजून घ्यायचे आणि गाडग्यात पुरायचे, असा रोख होता. सरकारची चांदी तळाला लागली. मग 1918 साली अमेरिकेने कायदा करून 27 कोटी डॉलरांची नाणी वितळवली आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानातल्या रुपयांसाठी ब्रिटनला विकली. हा कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते सिनेटर पिटमन नेवाडाचेच. वितळवलेल्या डॉलरांच्या जागी पुन्हा तेवढे पाडायचे, म्हणजे पुन्हा अमेरिकेतल्या खाणींची चांदी घ्यायची, हे कलम त्यात होतंच. गंमत अशी की डॉलरमध्ये शुद्ध चांदी 371.25 ग्रेन आणि आपल्या रुपयात 165. भागाकार करून पाहा, बरोबर सव्वादोन, बाकी शून्य. अमेरिकेचा गरुड आणि स्वातंत्र्यदेवी मुशीत गेली आणि पंचम जॉर्जचे मुखवटे होऊन बाहेर आली. पणजीच्या पेटीत 1919 चा बंदा रुपया सापडला तर त्यात नेवाडाचा अंश असायला काहीच हरकत नाही.

पुढे 1960 नंतर चांदी महागली. नाण्यातला ऐवज नाण्याच्या किमतीच्या वर जाणार हे दिसताच वॉशिंग्टनच्या सरकारी तिजोरीपुढे रांगा लागल्या आणि मार्च 1964 मध्ये सरकारने डॉलर देणं बंद केलं. इथे खरं तर मोठ्या नाण्याची कथा संपायला हवी होती. पण 1971 साली आयझेनहॉवर डॉलर आला. व्यास जुनाच, 38.1 मिलिमीटर. चलनात आलेल्या नाण्यांत मात्र चांदीचा कणही नाही, तांबं आणि निकेल. पंगत उठून वर्षं झाली तरी दोघांच्या आमटीला तेच शंभर पानांचं पातेलं चढवावं, तसा हा प्रकार.

नाणं दिसायला देखणं होतं. मागच्या बाजूला चंद्रावर उतरणारा गरुड, पायांत ऑलिव्हची डहाळी, खाली चंद्राचे खड्डे, आणि वर कोपऱ्यात बोराएवढी पृथ्वी. अपोलो 11 ची ही खूण. चंद्रावर उतरलेलं हे नाणं पृथ्वीवर मात्र कुठे उतरेना. शीतपेयाच्या यंत्राच्या फटीत ते जायचं नाही, गल्ल्यात त्याला खण नसायचा. जुगाराच्या यंत्रांत तेवढं ते मनमुराद खपलं, कारण जिंकल्यावर पत्र्याच्या ताटलीत होणारा खणखणाट हे तिथलं संगीत. हरण्याला आवाज नसतो, ही सोय जुगारवाल्यांनी फार पूर्वीच ओळखली होती.

मग शहाण्यांचा अहवाल आला: डॉलर लहान करा. 1979 साली तो 26.5 मिलिमीटरचा झाला, वजन 8.1 ग्रॅम. त्यावर सुझन बी. अँथनी यांचं चित्र आलं. या बाईंनी 1872 साली, स्त्रियांना मताधिकार नसताना, बेधडक मतदान केलं. न्यायालयाने 100 डॉलर दंड ठोठावला आणि त्यांनी तो जन्मात भरला नाही. डॉलर न देण्याचा असा नामांकित इतिहास असलेली व्यक्ती डॉलरवर यावी, हे मला फार आवडतं.

लोकांना नाही आवडलं. पंचवीस सेंटांचं क्वार्टर (आपल्याकडची नव्हे) 24.26 मिलिमीटरचं, त्याच धातूचं, तशाच दातेरी कडेचं. किंमत चौपट आणि फरक दोन मिलिमीटर. नाणं अकरा कोनी करावं असा विचार झाला होता, पण यंत्रवाल्यांना गोल हवं होतं. म्हणून बाहेरून गोल ठेवलं आणि आतल्या बाजूला अकरा कोनांची चौकट कोरली. सरकारी तडजोडीचा याहून सुबक नमुना मी पाहिलेला नाही. अंधाऱ्या टॅक्सीत पैसे चाचपणाऱ्या बोटांना आतली चौकट काय लागणार? तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर, म्हणून लोकांनी त्याला ‘कार्टर क्वार्टर’ म्हणायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी 75 कोटींहून जास्त पाडली, दुसऱ्या वर्षी नऊ कोटींच्या आत, आणि तिसऱ्या वर्षी फक्त संग्राहकांसाठी.

माझ्या मते दोष आकाराचा नव्हताच. कॅनडाने 1987 साली नेमक्या याच 26.5 मिलिमीटरचा डॉलर काढला, सोनेरी आणि खरोखरीच अकरा कोनी. त्यावर आधी होडीतल्या वल्हेकऱ्यांचं जुनंच चित्र यायचं होतं, पण साचे ओटावाहून विनिपेगला साध्या कुरियरने धाडले आणि वाटेत हरवले. म्हणून लून नावाचा पाणपक्षी घ्यावा लागला. असल्या गोंधळातून आलेलं नाणं लोकांनी ‘लूनी’ म्हणत डोक्यावर घेतलं, कारण 1989 साली सरकारने एक डॉलरची नोट छापणंच थांबवलं. लोक थोडे कुरकुरले आणि नाणं वापरू लागले. अमेरिकेत कागद आणि नाणं दोन्ही समोर ठेवून ‘हवं ते घ्या’ म्हटलं, तर माणूस पाकिटात सपाट बसणारंच घेणार.

2000 साली तिथेही सोनेरी डॉलर आला. शोशोनी जमातीची साकागाविया, पाठीवर तान्हं बाळ. जुन्या डॉलरला सरावलेल्या यंत्रांना तो ओळखीचा वाटावा म्हणून धातूचं मिश्रण मुद्दाम बेतलेलं. पुढे एकेक राष्ट्राध्यक्षही नाण्यावर आले. सरकारने टपालखर्च न घेता नाणी घरपोच पाठवायची सोय केली, तर हुशार मंडळींनी क्रेडिट कार्डावर हजारोंनी मागवली, तशीच बँकेत भरली आणि मिळालेल्या गुणांवर विमानप्रवास केला. 2011 च्या शेवटी 140 कोटी डॉलर-नाणी तिजोऱ्यांत पडून आहेत हे पाहून सरकारने चलनासाठी ती पाडणं थांबवलं. आता पाडली जातात ती मुख्यतः संग्राहकांसाठी. एक डॉलरची नोट मात्र छापली जातेच आहे.

साकागावियाबाईंना रोजच्या व्यवहारात भेटायचं असेल तर अमेरिकेत शोधू नका. 2000 साली इक्वेडोरने आपलं चलन सोडून अमेरिकन डॉलर स्वीकारला. तिथल्या बाजारात भाजी घ्या, सुट्ट्या पैशांत त्या येतील.