गच्चीवरचा अर्गॉन

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आबांस,



नातवासकट बारावीची चार पोरं रोज रात्री आपल्या गच्चीवर जमतात, केमिस्ट्रीच्या नावाखाली भांडतात, शहराच्या पूर्व भागातले यंत्रमाग परवडले असा कालवा करतात आणि जाताना कडक भाकरीचा डबा रिकामा करतात, ही तुमची तक्रार पोचली. भाकरीबद्दल आमची पूर्ण सहानुभूती आहे. भांडणाबद्दल मात्र आम्ही पोरांचं वकीलपत्र घेतलंय.

सीईटीचा पेपर कसा असतो बघा. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून 100 प्रश्न, वेळ 90 मिनिटं आणि चुकीच्या उत्तराला दंड नाही. येत नसलं तरी चारातल्या एकावर टिचकी मारून पुढं जायचं, लागला तर लागला. घरी एकटा सराव करणाराही हेच करतो आणि उत्तर जुळलं की स्वतःला विद्वान समजतो. गच्चीवर ती सोय नाही. तिथं उत्तर सांगितलं की समोरचा विचारतो, "का बे?" सीईटीनं माफ केलेला दंड हा 'का बे' वसूल करतो. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया होतो, तो समतोल घ्या. बंद भांड्यात, आकारमान तेवढंच ठेवून अर्गॉन सोडला, तर काय होईल? ल शातेलिएचं तत्त्व घोकलेला लगेच सांगणार: दाब वाढला, म्हणजे कमी मोलच्या बाजूला, अमोनिया वाढला! दुसरा विचारतो, दाब वाढला खरा, पण कुणाचा? नायट्रोजन-हायड्रोजनचा आंशिक दाब होता तेवढाच आहे की. अर्गॉन म्हणजे लग्नात कुणाशी न बोलता जेवून जाणारा पाहुणा. कार्यालयात गर्दी दिसते, सोयरीक एकही जास्त जुळत नाही. समतोल जागच्या जागी. हे पटवून देता देता आंशिक दाब म्हणजे काय, ते पटवणाऱ्यालाच पहिल्यांदा नीट कळतं.

तुम्ही म्हणाल, चौघांनाही येत नसेल तर? शंका रास्त आहे. कोलोरॅडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गात नेमकं हेच तपासलं आणि 2009 साली ते 'सायन्स'मध्ये छापून आलं. आधी एकट्यानं उत्तर, मग शेजाऱ्यांशी चर्चा, मग त्याच तत्त्वावरचा नवा प्रश्न पुन्हा एकट्यानं. ज्या गटात बहुधा कुणालाच आधी येत नव्हतं, तिथंही पोरं सुधारली. आमच्याकडून हडसन ओलांडली की न्यूयॉर्कचं सिटी कॉलेज. तिथं 1990च्या दशकात खास केमिस्ट्रीसाठीच असे गट सुरू झाले. विषय आधी पार केलेला विद्यार्थी गट चालवतो, पण उत्तरं आयती देत नाही. तुम्ही जिला टवाळकी म्हणता, तिला तिथं वेळापत्रकात तास आहे. तरी चौघांचं चुकीवर एकमत होऊ शकतं, हे कबूल. त्यासाठी एक वही ठेवावी आणि न मिटलेली भांडणं सरांपुढं न्यावीत. कॉपीची भीती मात्र सोडा. उतरवून घेणारा जिने चढून गच्चीवर येतच नाही, त्याला फोनवरचा फोटो पुरतो.

राहिला तुमचा खरा मुद्दा, जो तुम्ही आडून लिहिलाय: शेजाऱ्याच्या पोराला शिकवलं तर तो आपल्या नातवाच्या पुढं जाईल. पर्सेंटाइल दुसऱ्यांशी तुलना करूनच निघतं, तेव्हा तत्त्वतः बरोबर. पण सीईटीला बसतात लाखो, आणि त्यातले आपल्या गच्चीवर येतात तिघं. त्या तिघांना अडाणी ठेवून आकडा कितव्या दशांशस्थळी हलेल, ते तुमच्या हिशेबाच्या वहीत मांडून बघा.

आता एक काम. तोच अर्गॉन, पण या वेळी भांड्याला सरकता दट्ट्या आणि दाब कायम. समतोल कुठं जाईल? उत्तर मुद्दाम लिहीत नाही. आज रात्री पोरांना विचारा, आणि उत्तर आलं की भाकरीचा डबा उघडायच्या आधी तुम्हीच म्हणा, "का बे?"

आईला नमस्कार. शेंगाचटणी संपत आलीय.

आपली,
एडिसनकर मंडळी