रिपोर्ट नॉर्मल आहे

कल्याणमध्ये निदान न झालेला माणूस सापडणं अवघड आहे. अंगावर गांधी उठल्या, तोंड लालबुंद झालं, पोटात कळ आली, छाती धडधडली, की बिल्डिंगच्या जिन्यातच 'पित्त' असं निदान होऊन जातं. केसपेपर लागत नाही, फी पडत नाही आणि उपायही तयार असतो: आमसुलाचं पाणी चोळा, वर घोंगडी पांघरा. पित्ताचं मोठेपण असं की ते कधीच खोटं पडत नाही. उतरलं तर आमसुलाने उतरलं, नाही उतरलं तर पित्त जुनं होतं. इतकं सर्वज्ञ निदान घरोघरी फुकट मिळत असताना एखाद्याने मास्ट पेशींच्या विकाराची शंका काढणं हा शिष्टपणाच समजला जातो. माझं मत असं की शंका अवश्य काढावी. मात्र तिला पित्ताहून वरचं आसन हवं असेल, तर ती खोटी पडण्याची सोय आधी करून ठेवावी. ही सोय मुंबईच्या बड्या डॉक्टरांकडे नसते. ती घराजवळ रक्त काढून देणाऱ्याकडे असते, आणि तीही झटका आल्यापासून जेमतेम चार तास.

मास्ट पेशी प्रथम ओळखल्या पॉल एर्लिख या जर्मन विद्यार्थ्याने. 1878 साली लाइपझिग विद्यापीठाला दिलेल्या प्रबंधात त्याने त्यांचं वर्णन केलं, ते कापडगिरण्यांसाठी निघालेले कृत्रिम रंग शरीराच्या ऊतींवर ओतून. (रंगाच्या कारखान्यांतून विज्ञान बाहेर पडतं ते असं. आमच्या डोंबिवलीत 2014 साली हिरवा पाऊस बाहेर पडला आणि 2020 साली गुलाबी रस्ता. नोबेलसाठी अजून कोणी विचारणा केलेली नाही.) त्वचेत, आतड्यात, श्वासनलिकेत बसलेल्या या पेशींच्या पोटात हिस्टामिन आणि इतर रसायनांचे दाणे ठासून भरलेले असतात. कारण मिळालं की त्या ते बाहेर फेकतात, आणि काही जणांत त्या क्षुल्लक कारणावरून फेकतात. कारणांची पाठ्यपुस्तकी यादी वाचावी: उष्णता, घर्षण, अंगावर पडणारा दाब, धावपळ, मनस्ताप, काही वेदनाशामक गोळ्या, कीटकाचा दंश. कीटक वगळला तर हे सकाळच्या कल्याण-सीएसएमटी फास्ट लोकलचं वर्णन आहे, आणि घोंगडीचंही. घर्षणाने बिथरणाऱ्या त्वचेवर खरखरीत घोंगडी घालण्याइतका धीट उपचार दुसरा नसेल. पण इथेच सावध राहायला हवं. त्या डब्यात लाल तोंड, धडधड आणि गरगर यांपासून कोणीच सुटत नाही. लक्षणांवरून निदान करायचं ठरवलं, तर ठाकुर्ली येईपर्यंत अख्खा डबा रुग्ण ठरेल.

म्हणून पुरावा लागतो, आणि पुराव्याचं नाव ट्रिप्टेज. मास्ट पेशींनी दाणे फेकले की हे द्रव्य रक्तात चढतं. हिस्टामिन काही मिनिटांत नाहीसं होतं, ट्रिप्टेज काही तास रेंगाळतं. झटका सुरू झाल्यापासून अर्धा ते चार तासांत एक नमुना घ्यायचा, आणि सगळं शांत झाल्यावर किमान चोवीस तासांनी दुसरा. नेहमीच्या पातळीच्या वर वीस टक्के, अधिक मिलीलिटरमागे दोन नॅनोग्रॅम एवढी वाढ दिसली, तर पेशींनी खरोखर उचल खाल्ली असं मानतात. नेहमीची पातळी 5 असेल, तर झटक्यात ती 8 झाली तरी पुरे. आता गंमत पाहा. बऱ्याच लॅब 11.4 पर्यंत सगळं नॉर्मल धरतात. म्हणजे 8 नॉर्मल आणि 5 सुद्धा नॉर्मल. कागदावर ठळक आकडा नाही, शेजारी फुली नाही, आणि ठळक आकडा नसलेला रिपोर्ट आपल्याकडे फाइलला लावण्यापुरताच असतो. दोन नॉर्मल आकड्यांची वजाबाकी हा रोगाचा पुरावा असू शकतो, हे पटायला त्रैराशिक येऊन भागत नाही, श्रद्धा लागते.

आता आक्षेप. पहिला: इतका दुर्मीळ रोग शोधायचा कशाला? युरोपातले अंदाज मास्टोसायटोसिसचं, म्हणजे या पेशींची संख्याच वाढण्याच्या विकाराचं प्रमाण दहा हजारांत एक असं धरतात. कल्याण-डोंबिवलीची 2011 ची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख. नुसतं गणित करायचं तर सव्वाशे माणसं. आणि एवढ्यांना नाव कळण्याचा उपयोग आहे: भूल देताना डॉक्टरांना आगाऊ सांगता येतं, आणि ज्यांना मधमाशीचा दंश जिवावर बेतू शकतो त्यांना आपण त्यांतले आहोत हे मधमाशीच्या आधी कळतं. दुसरा आक्षेप केमिस्टच्या काउंटरवरचा: सेट्रिझिनने बरं वाटतंय ना, मग झालं. पण सेट्रिझिनने साध्या गांधीही बसतात. औषधाचा गुण ही पेशी बिथरण्याच्या विकाराच्या निदानाची एक अट आहे. दोन किंवा अधिक अवयवांत उठणारे झटके ही दुसरी, आणि ट्रिप्टेजची वाढ तिसरी. तीन पायांच्या स्टुलाच्या एकाच पायावर चढून पंखा पुसू नये. बरं, पुराव्यासाठी औषध अडवून धरायचंही कारण नाही. सेट्रिझिनने ट्रिप्टेज लपत नाही, आणि श्वास अडकला असेल तर आधी अ‍ॅड्रेनलिन, मग रक्ताची नळी.

तिसरा आक्षेप सर्वांत गोड. तो बांगड्याकडून येतो. नीट बर्फात न ठेवलेल्या बांगड्यात जिवाणू हिस्टामिन तयार करतात आणि ते कितीही तळलं तरी जात नाही. खाणाऱ्याचं तोंड तासाभरात लाल, डोकं ठणकायला लागतं, अंगावर गांधी. हुबेहूब तोच देखावा, फक्त हिस्टामिन बाहेरून आलेलं. रुग्णाच्या पेशी निर्दोष असतात, म्हणून अशा वेळी ट्रिप्टेज सहसा चढत नाही. डोळ्यांना न दिसणारा फरक नळीला दिसतो तो असा. हे आक्षेपकांना सांगितलं की ते गप्प बसतात आणि कोळणीशी भांडायला जातात.

उलट्या बाजूचे लोकही आहेत. थकवा, पोटफुगी, झोप न लागणं, गोष्टी विसरणं, सगळंच मास्ट पेशींच्या माथी मारणारे. 2010 नंतर परदेशी तज्ज्ञांतही यावर दोन तट पडले: एक ट्रिप्टेजवर अडून बसलेला, दुसरा लक्षणांची लांबलचक यादी मानणारा. मी पहिल्या तटाकडे झुकतो, कारण ती यादी वाचताना मला जिना आठवतो. सगळ्याचं स्पष्टीकरण देणारं नाव इंग्रजी असलं तरी ते पित्तच. हे मात्र मान्य करायला हवं की एकदा ट्रिप्टेज चढलं नाही म्हणून माणूस ढोंगी ठरत नाही. त्याचा त्रास खरा असतो, उपचारही चालू ठेवता येतात. रकान्यात 'अजून ठरलेलं नाही' असं लिहिण्याची हिंमत डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी दाखवावी, एवढंच.

व्यवहाराची अडचण उरते. तज्ज्ञ परळला नाहीतर सायनला. तिथली तारीख मिळून माणूस पोहोचतो तेव्हा तो ठणठणीत असतो, आणि ठणठणीत माणसाच्या रक्तात झटक्याचं काहीच उरलेलं नसतं. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी आधीच खिशात हवी, आणि तीत स्पष्ट लिहिलेलं हवं की अंग लाल झाल्याबरोबर जवळच्या कॅज्युअल्टीत जाऊन नळी भरून घ्यावी, वर वेळ टाकावी. एवढं लोक करतील. संकटात कल्याणकर शिस्तीने वागतो. घोडं अडतं ते दुसऱ्या नमुन्यापाशी. तो बरं वाटत असताना द्यायचा आणि त्याच्यावाचून पहिला फुकट. बरं वाटत असताना सुई टोचून घ्यायला घरातून निघणारा माणूस मात्र अजून जन्माला यायचाय. त्यासाठी रविवार धरावा. मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, तसंही कुठे जाता येत नाही.